पूर्ण वर्ग विभाजक मोजायचेत? आधी त्या संख्येतला मोठ्यातला मोठा वर्ग बाहेर काढ

प्रश्न काय आलाय ते आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. अकरावीतला विद्यार्थी आहे, ऑलिंपियाडची तयारी करतोय. ७२०० चे किती विभाजक पूर्ण वर्ग आहेत, असं गणित होतं. त्यानं एकूण विभाजक काढले ५४, मग म्हणाला वर्गाला घातांक सम लागतो, सम-विषम निम्मे निम्मे असणार, म्हणून उत्तर २७. पुस्तकात उत्तर १२. सूत्र त्याला पाठ आहे, घातांकाचा अर्धा करायचा, एक मिळवायचा, सगळे गुणायचे, पण घातांक विषम आला की अर्धा वर धरायचा का खाली ह्यात दर वेळी अडतो, आणि २०! (विसाचं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते २० सगळ्या संख्यांचा गुणाकार) सारखं काही दिसलं की पेन खाली ठेवतो.

भावा, तुझे २७ कुठून आले ते आधी बघू, कारण ते अगदीच हवेतून आलेले नाहीत. आणि ते कळलं की सूत्र पाठ करायची गरजच राहत नाही.

७२०० चे मूळ अवयव पाड: २^५ × ३^२ × ५^२. (^ ह्या खुणेपुढं घातांक लिहितोय, मोबाईलवर वरचा छोटा आकडा टाइप होत नाही.) विभाजक बनवायचा म्हणजे २ किती वेळा घ्यायचा, ३ किती वेळा, ५ किती वेळा, एवढंच ठरवायचं. २ साठी ० ते ५ असे सहा पर्याय, ३ साठी ० ते २ असे तीन, ५ साठी पण तीन. ६ × ३ × ३ = ५४, इथपर्यंत तू बरोबर होतास. आता विभाजक पूर्ण वर्ग व्हायचा तर ह्या तिन्ही जागी घातांक सम पाहिजे, एकाच नाही, तिन्ही. २ च्या सहा पर्यायांत सम किती? ०, २, ४, म्हणजे बरोबर निम्मे. ५४ चे निम्मे २७. झालं, तू इथंच थांबलास! तुझे २७ म्हणजे ज्यांच्यात २ चा घातांक सम आहे असे सगळे विभाजक, त्यात १२ पण आहे (२^२ × ३) आणि २० पण आहे (२^२ × ५), आणि ते काही वर्ग नाहीत. अजून ३ ची चाळण बाकी आहे. तिथं ०, १, २ मधले सम दोन, म्हणजे तीनातले दोन, निम्मे नव्हे. २७ चे दोन तृतीयांश १८. मग ५ ची चाळण, पुन्हा तीनातले दोन, १८ चे १२. आलं की नाही पुस्तकातलं उत्तर.

वर का खाली हा जो तुझा गोंधळ आहे तो पण इथंच मिटतो. घातांक ५ असला तर सम आकडे ०, २, ४. सहा घेता येत नाही कारण तेवढे दोन आपल्याकडं नाहीतच. म्हणजे ५ चा अर्धा अडीच, तो खाली धरून दोन, त्यात शून्याचा एक पर्याय मिळवला की तीन. तो 'अधिक एक' कशाचा, तर अजिबात न घेण्याचा. पोरं हा एक विसरतात आणि मग १ ही संख्या यादीतून गळते, १ पण पूर्ण वर्गच आहे आणि प्रत्येकाला भागतो. परीक्षेत 'एकापेक्षा मोठे' असं लिहिलं असेल तरच तो वजा करायचा, नाहीतर नाही.

आणि पर्याय गुणायचे का, मिळवायचे का नाहीत, हे विचारणारे पण असतात. २ चा प्रत्येक पर्याय ३ च्या प्रत्येक पर्यायाबरोबर जातो, म्हणून गुणायचे. एवढंच.

आता मुद्द्याचं बोलतो. मला स्वतःला हे अर्धा-करा-एक-मिळवा सूत्र शिकवायला फारसं आवडत नाही, म्हणजे ते चूक नाही, बरोबरच आहे, पण पोरं ते यंत्रासारखं वापरतात आणि प्रश्न जरा वाकडा आला की गडबडतात. मी वर्गात वेगळ्या रस्त्यानं जातो. दिलेल्या संख्येतून मोठ्यातला मोठा पूर्ण वर्ग बाहेर काढायचा आणि उरलेलं बाजूला ठेवायचं. ७२०० = ३६०० × २. ३६०० म्हणजे ६० चा वर्ग. तो जो एकटा २ उरला त्याला जोडीदार नाही, तो कुठल्याच वर्गात जाऊन बसू शकत नाही, म्हणून तो ह्या मोजणीतून बाद. म्हणजे ७२०० ला भागणारा प्रत्येक पूर्ण वर्ग ३६०० ला पण भागतोच. आणि ३६०० ला, म्हणजे ६० च्या वर्गाला, कुठले वर्ग भागतात? ६० ला भागणाऱ्या संख्यांचे वर्ग, दुसरं कोण! ६० चे विभाजक १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३०, ६०, एकूण बारा. त्यांचे वर्ग १, ४, ९, १६, २५, ३६, १००, १४४, २२५, ४००, ९००, ३६००. हे ७२०० चे सगळे पूर्ण वर्ग विभाजक, एक जास्त नाही एक कमी नाही.

म्हणजे पूर्ण वर्ग विभाजक मोजायचा प्रश्न हा मुळात साधे विभाजक मोजायचाच प्रश्न आहे, फक्त संख्या बदलली, ७२०० च्या जागी ६० आली. साधे विभाजक मोजायला तू सातवी-आठवीपासून शिकलायस. आता नवीन काय पाठ करायचं?

'हे असंच का' म्हणणाऱ्यांसाठी कारण पण देतो. समजा मोठ्यात मोठा वर्ग काढून झाल्यावर उरलेल्या भागात प्रत्येक मूळ संख्या फार तर एकदाच आहे (दोनदा असती तर ती जोडी पण वर्गात गेली असती). आता एखाद्या संख्येचा वर्ग दिलेल्या संख्येला भागतो, आणि त्या वर्ग केलेल्या संख्येत २ समजा क वेळा आहे, तर तिच्या वर्गात २क वेळा झाला. आपल्याकडं २ आहे सम वेळा, किंवा सम अधिक एक वेळा. २क तर सम आहे, त्या जादाच्या एकापर्यंत तो पोचूच शकत नाही, तो सम भागाच्या आतच राहणार. दोन्हीकडं अर्धं केलं की क हा वर्गमूळातल्या घातांकाच्या आत. हेच ३ ला, हेच ५ ला. झाली सिद्धता, परीक्षेत एवढं लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतात.

ह्याच गोष्टीचं दुसरं रूप पण परीक्षेत येतं. ७२०० घन सेंटीमीटरचा खोका करायचाय, तळ चौरस पाहिजे, सगळ्या बाजू पूर्ण सेंटीमीटरमध्ये, तर असे किती वेगवेगळे खोके? तळाची बाजू घेतली की तिचा वर्ग गुणिले उंची बरोबर ७२००, म्हणजे तो वर्ग ७२०० ला भागला पाहिजे, उंची आपोआप ठरते. उत्तर बारा. बाजू १ असली तर उंची ७२००, बाजू ६० असली तर उंची २, असला पापडासारखा खोका कुणी करणार नाही पण गणितात चालतो. 'वर्ग गुणिले काहीतरी' अशा आकारात एखादी संख्या किती प्रकारे लिहिता येते, असा प्रश्न आला की तो हाच, नाव नुसतं बदललेलं.

आपल्या मराठी माणसाची एक संख्या घेऊ. देवळालीच्या शाळेत मास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांची ६१७४. (चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमाची वजा करा, पुन्हा पुन्हा करत गेलं की सात पायऱ्यांच्या आत ६१७४ वर येऊन अडकतं, ती ही संख्या.) तिचे अवयव २ × ३^२ × ७^३. सातातले दोन वर्गात जातात, एक उरतो, २ पण एकटा उरतो. म्हणजे ६१७४ = ४४१ × १४, आणि ४४१ म्हणजे २१ चा वर्ग. २१ चे विभाजक १, ३, ७, २१, चार. म्हणून ६१७४ चे पूर्ण वर्ग विभाजक १, ९, ४९, ४४१. तोंडी होतंय की नाही?

सराव कुठं करायचा असं विचारशील तर रस्त्यावर कर. इथं कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नलला थांबलास की पुढच्या गाडीची नंबरप्लेट बघ, एमएच ०९ सोडून दे, पुढचे चार आकडे घे आणि सिग्नल सुटायच्या आत त्यातला मोठ्यात मोठा वर्ग बाहेर काढ. आमची पोरं हे करतात, एकमेकांत पैज लावतात. मजा म्हणजे बऱ्याच गाड्यांना काहीच निघत नाही, नुसता १. असं का होतं ते खाली सांगतो, त्याचं उत्तर भारी आहे.

पण आधी दोन ठिकाणी पोरं हमखास पडतात ते सांगून टाकतो. पहिलं, पाया मूळ संख्या नसताना घातांक वापरणं. १२^३ × १५^२ दिलं की लगेच म्हणायचं घातांक ३ आणि २, अर्धे १ आणि १, एकेक मिळवून २ × २ = ४. अरे, १२ काय मूळ संख्या आहे का! १२ फोड, १५ फोड, ३ दोन्हीकडून येतोय तो एकत्र कर: २^६ × ३^५ × ५^२. आता ४ × ३ × २ = २४. चार आणि चोवीस, केवढा फरक. पेपर काढणारे मुद्दाम असं देतात, आणि पर्यायांत ४ ठेवलेला असतोच, हे मी पैजेवर सांगतो.

दुसरं म्हणजे एक जुनं वाक्य डोक्यात बसलेलं असतं, 'ज्या संख्येच्या विभाजकांची संख्या विषम ती पूर्ण वर्ग'. ते खरं आहे पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते सांगतं दिलेली संख्या स्वतः वर्ग आहे का. आपण विचारतोय तिच्या पोटात किती वर्ग आहेत. ७२०० स्वतः वर्ग नाही तरी पोटात बारा आहेत. हे दोन एकत्र मिसळू नकोस.

आता मोठ्या संख्या. इथं एक युक्ती आहे जी क्लासमध्ये सहसा कुणी सांगत नाही, आणि प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना तर ती आलीच पाहिजे. साधे अवयव पाडताना आपण वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघतो. पण आपल्याला सगळे अवयव नकोच आहेत, फक्त जोड्या पाहिजेत. म्हणून वर्गमूळापर्यंत जायची गरज नाही, घनमूळापर्यंत गेलं तरी पुरतं.

७४९०१६ घे. २ नं तीनदा भाग जातो: ३७४५०८, १८७२५४, ९३६२७. मग ३ नं: ३१२०९, आणि पुन्हा ३ नं: १०४०३. आता १०४०३ च्या अंकांची बेरीज ८, तीन संपला. हे १०४०३ फोडायचं म्हणजे वर्गमूळ १०० च्या वर, शंभरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसावं लागेल. आपण तसं करायचं नाही. २२ चा घन १०६४८, म्हणजे १०४०३ चं घनमूळ २२ च्या खाली. ५, ७, ११, १३, १७, १९ एवढ्यांनीच बघ, कुणाचाच भाग जात नाही. म्हणजे आता उरलेला प्रत्येक मूळ अवयव २३ किंवा त्याहून मोठा, आणि असे तीन अवयव असते तर गुणाकार कमीत कमी २३ चा घन, म्हणजे १२१६७ झाला असता. तेवढी तर आपली संख्याच नाही. म्हणून १०४०३ मध्ये जास्तीत जास्त दोन मूळ अवयव. ते दोन सारखे असतील तर ती पूर्ण वर्ग असेल, वेगळे असतील तर आपल्या काही कामाचे नाहीत. तर फक्त एकच बघायचं, १०४०३ पूर्ण वर्ग आहे का? १०२ चा वर्ग १०४०४. एकानं हुकलं! नाही. मग उरलेल्यात वर्ग नाही, विषय संपला. २^३ × ३^२ मधून ३६ निघतो, ६ चे विभाजक चार, उत्तर ४.

१०४०३ चे अवयव काय ते आपण काढलंच नाही बघ. (१०२ च्या वर्गातून एक गेला म्हणजे १०१ × १०३, पण ते माहीत नसतं तरी काही अडत नव्हतं.) उलट ७६३८४८ घेतली असती तर तीच २^३ × ३^२ आणि पुढं १०६०९ उरले असते. तिथं पण १९ पर्यंत कुणाचा भाग जात नाही, पण १०६०९ हा १०३ चा वर्ग आहे, मग मोठ्यात मोठ्या वर्गाचं मूळ २ × ३ × १०३ = ६१८ आणि उत्तर ८. कॉम्प्युटरवर बारा-पंधरा आकडी संख्या आल्या की घनमूळ आणि वर्गमूळ ह्यांतला फरक काय असतो ते कळतं. एक लाख कोटीचं वर्गमूळ दहा लाख, घनमूळ दहा हजार. एक प्रोग्रॅम लगेच उत्तर देतो, दुसरा टाइम लिमिटमध्ये अडकतो. फक्त शेवटी पूर्ण वर्ग आहे का हे तपासताना दशांशातल्या वर्गमूळावर विसंबू नकोस, पूर्णांक करून त्याचा पुन्हा वर्ग करून बघ.

आता तुझं २०!. घाबरण्यासारखं त्यात काहीच नाही, उलट फॅक्टोरियल सगळ्यात गरीब, कारण अवयव पाडायचेच नसतात, मोजायचे असतात. १ ते २० मध्ये २ च्या पटीतल्या दहा, ४ च्या पटीतल्या पाच (त्या एक एक जादा २ देतात), ८ च्या दोन, १६ ची एक: १० + ५ + २ + १ = १८. तीनाचे ६ + २ = ८. पाचाचे ४, साताचे २. ११, १३, १७, १९ एकेकच, ते एकटे, बाद. ही मोजायची रीत फ्रेंच गणिती लजांद्रच्या नावानं ओळखतात. मोठ्यात मोठ्या वर्गाचं मूळ २^९ × ३^४ × ५^२ × ७, विभाजक १० × ५ × ३ × २ = ३००. संपलं. ह्याच्यात पेन खाली ठेवण्यासारखं काय होतं सांग.

१०! ची तर गंमतच आहे. १०! = ६! × ७! हे तुला माहीत आहे का? ७२० × ५०४० करून बघ, ३६२८८०० येतात. आणि ७! म्हणजे ६! × ७. म्हणून १०! = (६!)चा वर्ग × ७. मोठ्यात मोठा वर्ग आयताच बाहेर आला, मूळ ७२०, आणि ७२० = २^४ × ३^२ × ५ चे विभाजक ५ × ३ × २ = ३०. म्हणून १०! चे पूर्ण वर्ग विभाजक ३०. अर्धा करा एक मिळवा वाल्यानं पण तीसच काढले असते, पण त्याला ही गंमत दिसली नसती.

फिरवून विचारलेले प्रश्न भराभर सांगतो. ७२०० चे सम असलेले पूर्ण वर्ग विभाजक किती? वर्ग सम म्हणजे त्याचं मूळ सम, ६० चे सम विभाजक आठ, उत्तर ८, विषम चार. १२ च्या पटीतले पूर्ण वर्ग किती? इथं जपून, वर्ग १२ च्या पटीत असेल तर तो ३६ च्या पटीत असतोच, कारण ३ एकटा येऊ शकत नाही, म्हणून मूळ ६ च्या पटीत पाहिजे: ६, १२, ३०, ६०, उत्तर ४. वर्ग नसलेले किती? ५४ वजा १२, ४२. त्या सगळ्या वर्गांची बेरीज किती? (१ + ४ + १६)(१ + ९)(१ + २५) = २१ × १० × २६ = ५४६०, वरची यादी मिळवून ताळा कर. पूर्ण घन विचारले तर अर्ध्याच्या जागी तिसरा हिस्सा, २०! चे घन ७ × ३ × २ = ४२ (साताचे दोनच आहेत, घनाला तीन लागतात, म्हणून तो बाद). वर्ग किंवा घन किती? ३०० + ४२ केलेस तर दोन्ही असलेले दोनदा मोजलेस, ते म्हणजे सहावे घात, ४ × २ = ८, ते एकदा वजा, उत्तर ३३४. ह्या वजाबाकीत अर्धी पोरं पडतात, लिहून ठेव.

उलटा प्रश्न मला जास्त आवडतो. बरोबर बारा पूर्ण वर्ग विभाजक असलेली लहानात लहान संख्या कुठली? नुसतं सूत्र घेऊन बसलास तर घातांकांची जुळवाजुळव करत बसशील. आपल्या रस्त्यानं: बारा विभाजक असलेली लहानात लहान संख्या ६०, तिचा वर्ग ३६००, संपलं. सात पाहिजेत? सात ही मूळ संख्या, म्हणून २^६ = ६४, त्याचा वर्ग ४०९६.

आता नंबरप्लेट. १ ते ९९९९ मध्ये जास्तीत जास्त किती वर्ग विभाजक असू शकतात? वर्गाचं मूळ ९९ च्या वर जाऊ शकत नाही, आणि ९९ पर्यंत बारापेक्षा जास्त विभाजक कुणालाच नाहीत, बारा असलेले फक्त ६०, ७२, ८४, ९० आणि ९६. त्यांचे वर्ग ३६००, ५१८४, ७०५६, ८१००, ९२१६, आणि ३६०० ची दुप्पट ७२०० अजून आत बसते. म्हणजे सगळ्या चार आकडी नंबरांत असे फक्त सहा, आणि तुझ्या गणितातली ७२०० त्यातली एक. लोक ०००७ नाहीतर ९९९९ साठी आरटीओत पैसे मोजतात, गणितवाल्यानं ७०५६ घ्यावा, कुणी विचारणार पण नाही.

आणि बहुतेक गाड्यांना नुसता १ का मिळतो? ९९९९ पर्यंत ४ च्या पटीतल्या संख्या २४९९, ९ च्या ११११, १६ च्या ६२४, २५ च्या ३९९, असं पुढं ९९ च्या वर्गापर्यंत. ह्या सगळ्यांची बेरीज, अधिक १ चे ९९९९, म्हणजे सगळ्या नंबरांच्या वर्ग विभाजकांची एकूण संख्या, कारण प्रत्येक वर्ग आपल्या प्रत्येक पटीत एकदा मोजला जातो. भागिले ९९९९ केलं की सरासरी. ती होते साधारण १ + १/४ + १/९ + १/१६ आणि पुढं तसंच. ही बेरीज अनंतापर्यंत नेली तर किती होते हे स्विस गणिती ऑयलरनं १७३० च्या दशकात काढलं: पायचा (वर्तुळातल्या π चा) वर्ग भागिले ६, म्हणजे १.६४ च्या आसपास. दोन सुद्धा नाही! ज्यांना १ शिवाय एकही वर्ग भागत नाही अशांचं प्रमाण ह्याच्या बरोबर उलटं, ६ भागिले पायचा वर्ग, म्हणजे शेकडा ६१ च्या जवळ. ९९९९ पर्यंत अशा ६०८३ आहेत. वर्तुळाचा पाय एमएच ०९ च्या गाड्यांत कुठून आला, हे पहिल्यांदा ऐकलं की पोरं माझ्याकडं संशयानं बघतात.

आता एक अवघड घेऊन थांबतो. १! × २! × ३! × … × ८! चे किती विभाजक पूर्ण वर्ग? प्रत्येक मूळ संख्या कितीदा येते ते मोजत बसता येतं, पण जोड्या लाव: १!·२!, ३!·४!, ५!·६!, ७!·८!. प्रत्येक जोडीत दुसरा म्हणजे पहिला गुणिले एक सम संख्या. ३!·४! = (३!)चा वर्ग × ४. तसं सगळ्यांचं करून (१!·३!·५!·७!)चा वर्ग बाहेर, आणि उरले २ × ४ × ६ × ८ = ३८४. त्यातून ६४ बाहेर, म्हणजे ८ चा वर्ग, उरले ६, दोन्ही एकटे. मोठ्यात मोठ्या वर्गाचं मूळ ८ × १ × ६ × १२० × ५०४० = २^११ × ३^४ × ५^२ × ७. विभाजक १२ × ५ × ३ × २ = ३६०.

ह्याचाच थोरला भाऊ, १! ते ९! चा गुणाकार, अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या एएमसी १२ ह्या गणित परीक्षेत २००३ साली विचारला होता. तो तू कर. ९! ला जोडी नाही, पण ८! पर्यंतच्या गुणाकाराच्या वर तो एकटाच वाढलाय हे लक्षात ठेव. उत्तर ६७२ आलं पाहिजे. नाही आलं तर पुढची गणितं न करता आधी २, ३, ५, ७ चे घातांक ३०, १३, ५, ३ आलेत का ते बघ, बहुतेक ९ मधला दुसरा ३ मोजायचा राहिलेला असतो.